सोनीपतचे डास, टॅम्पिनीसचे डास

टॅम्पिनीसमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांनी हे दृश्य कधी ना कधी पाहिले असेल. सकाळच्या वेळी कोणीतरी इमारतीच्या तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत येते, हातातल्या डब्याचे झाकण उघडते, डब्याला एक हलकासा झटका देते आणि आतले डास बाहेर सोडून पुढच्या ब्लॉककडे निघून जाते. भारतातून सुट्टीसाठी आलेल्या आईवडिलांना हा प्रकार समजावून सांगताना आपली चांगलीच त्रेधा उडते. डास मारायला माणसे नेमतात हे त्यांनी ऐकलेले असते, पण सरकार पगार देऊन डास सोडते, हे पचनी पडायला जड जाते.

या अंकासाठी आरोग्याच्या इतिहासावर काहीतरी लिहावे असे ठरले तेव्हा आम्ही हाच विषय घ्यायचे ठरविले. एकतर तो आपल्या दारातला आहे. आणि दुसरे म्हणजे, या डासांची गोष्ट मागे नेत गेले तर ती थेट दिल्लीजवळच्या सोनीपतपर्यंत आणि आणखी मागे आपल्या पुण्यापर्यंत जाऊन पोहोचते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आधी जागेबद्दल दोन शब्द. टॅम्पिनीस हे नाव टेम्पिनिस नावाच्या कठीण लाकडाच्या झाडावरून पडले. आज जिथे आपली उंच घरे आहेत तिथे दोन पिढ्यांपूर्वी काम्पोंग, भाजीचे मळे आणि वाळूच्या खाणी होत्या. १९८० च्या दशकात नवे नगर उभे राहिले आणि १९९२ साली त्याला जागतिक अधिवास पुरस्कारही मिळाला. जुनी डबकी गेली. पण डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाला डबकी लागतच नाहीत. गटारापेक्षा त्याला घरातले स्वच्छ पाणी जास्त आवडते. तुळशीच्या कुंडीखालची ताटली, बाटलीत लावलेला मनीप्लांट, देवघरात चार दिवस तसाच राहिलेला कलश, कपडे वाळत घालण्याच्या बांबूसाठी भिंतीत बसविलेल्या नळ्या, एवढ्यावर त्याचे भागते. त्याची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून ताटलीतले पाणी नुसते ओतून टाकणे पुरत नाही. ती घासावी लागते.

सिंगापूरमध्ये डेंग्यूची पहिली नोंद १९०१ सालची आहे. पण हा आजार इथे खऱ्या अर्थाने भीतीदायक झाला तो १९६० च्या दशकात, जेव्हा त्याचे रक्तस्रावी रूप दिसू लागले आणि लहान मुले दगावू लागली. १९६६ मध्ये या रक्तस्रावी तापाची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरांना सक्तीचे झाले आणि डास नियंत्रणासाठी स्वतंत्र पथक उभे राहिले. त्यानंतरच्या दोन वर्षांत के. एल. चान आणि त्यांचे सहकारी घरोघर फिरून डासांच्या अळ्या शोधत होते. जुन्या झोपडीवजा वस्त्यांत साधारण चारांतल्या एका घरात एडिसची पैदास आढळली, दुकान-घरांत त्याहून कमी, आणि नव्या सदनिकांत सर्वांत कमी. १९६८ मध्ये रोगवाहक कीटकांच्या नाशाचा कायदा झाला. त्या कायद्याने निरीक्षकाला घरात शिरून पाण्याची भांडी तपासण्याचा आणि अळ्या सापडल्यास घरमालकाला दंड करण्याचा अधिकार दिला. आज आपल्या दारावर थाप मारून, चपला काढून, स्वयंपाकघरातल्या बादलीत विजेरीने डोकावणारा अधिकारी या परंपरेतला आहे.

या मोहिमेला यश आले. १९७३ च्या सुमारास अळ्या सापडणाऱ्या घरांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरले, आणि पुढची पंधराएक वर्षे डेंग्यू जवळजवळ आटोक्यात राहिला. औषधापेक्षा घासकाम आणि झोपडपट्ट्यांतून सदनिकांत झालेले स्थलांतर यांचा त्यात मोठा वाटा होता. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा हे कबूल करताना थोडे जिवावर येते, पण रसायनाने इथे दुय्यम काम केले. फुलदाण्यांत आणि सांडपाण्याच्या जाळ्यांत टाकायचे वाळूच्या दाण्यांसारखे टेमेफॉस होते, धूर फवारणी होती, पण कणा होता तो तपासणीचा. डीडीटीचे दिवस निराळे होते. मुंबई इलाख्यात डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनी १९४६ च्या सुमारास कारवार आणि धारवाड भागांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून खेड्यांतला मलेरिया कसा खाली आणला, हे त्या काळच्या आरोग्यविज्ञानात गाजले होते. मलेरियाचा डास रात्री भिंतीवर विसावतो, तिथे हे औषध त्याला गाठते. एडिस दिवसा चावतो आणि पलंगाखाली, कपाटात, टांगलेल्या कपड्यांत लपतो. त्याच्यावर भिंतीचा उपाय तितकासा चालत नाही.

मग १९९० नंतर डेंग्यू परत का आला? इथे एक विचित्र गोष्ट घडली, आणि जगभरचे अभ्यासक तिचा दाखला देतात. डास कमी झाल्यामुळे एक अख्खी पिढी डेंग्यू न होता वाढली. म्हणजे तिच्या रक्तात प्रतिकारशक्ती नव्हती. अशा लोकसंख्येत साथ पसरायला पूर्वीच्या मानाने फारच थोडे डास पुरतात. शिवाय लागण घरापेक्षा शाळेत, कचेरीत, बांधकामावर होऊ लागली होती आणि तपासणीची सगळी भिस्त घरांवर होती. तिसरे म्हणजे, रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालचा भाग पिंजून काढायचा, या पद्धतीवर भर वाढला होता. रुग्ण सापडेपर्यंत विषाणू पुढे गेलेला असे. २००५ मध्ये सुमारे १४ हजार रुग्ण झाले, २०१३ मध्ये २२ हजारांवर, आणि २०२० मध्ये, कोविडमुळे आपण सारे घरात बसलो असताना, ३५ हजारांवर. यातला एक आकडा आपल्या काही घरांत अजून आठवत असेल, कारण प्लेटलेट्सचे अहवाल पाहत काढलेल्या रात्री लवकर विसरता येत नाहीत.

लस हा सरळ उपाय वाटतो, पण डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण होऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्याची लागण झाली तर आजार कधीकधी अधिक गंभीर होतो. पहिली परवानाप्राप्त लस याच खडकावर आपटली. फिलिपाईन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना ती दिली गेली, आणि २०१७ च्या अखेरीस असे दिसून आले की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांना लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. कार्यक्रम थांबला. त्या देशात इतर लसींवरचा लोकांचा विश्वासही त्याने खाली आणला.

तेव्हा पुन्हा डासाकडे वळावे लागले, आणि इथे एक जुना जीवाणू कामी आला. १९२४ मध्ये मार्शल हर्टिग आणि बर्ट वोल्बाक या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना घरातल्या साध्या क्यूलेक्स डासाच्या शरीरात, विशेषतः बीजांडकोशात, एक सूक्ष्म जीव आढळला. त्याला पुढे वोल्बाकिया हे नाव मिळाले. हा जीवाणू माणसाला काही करीत नाही. फळमाश्या, फुलपाखरे धरून कीटकांच्या निम्म्याच्या आसपास जातींत तो असतोच. त्याचा एक गुण मात्र मोठा मजेदार आहे. वोल्बाकिया असलेल्या नराचा संयोग वोल्बाकिया नसलेल्या मादीशी झाला तर तिची अंडी उबतच नाहीत. मादी अंडी घालते, पण वंश तिथेच थांबतो.

गंमत अशी की हा गुण वापरला गेला तो त्याचे कारण कळण्याच्या आधी. जर्मनीतील माइंत्स विद्यापीठाचे हान्नेस लाव्हेन यांना एवढे ठाऊक होते की काही देशांतले क्यूलेक्स डास दुसऱ्या देशांतल्या डासांशी जुळत नाहीत. १९६७ मध्ये रंगूनजवळच्या ओक्पो या खेड्यात त्यांनी असे बेजोड नर रोज हजारोंनी सोडले आणि सुमारे तीन महिन्यांत गावातली अंडी वांझ निघू लागली. हत्तीरोग पसरविणारा हा डास एका गावापुरता का होईना, विषाचा एक थेंब न वापरता हटला. या बेजोडपणामागे वोल्बाकिया आहे, असे यापुढे चार वर्षांनी, १९७१ मध्ये, येन आणि बार यांनी मांडले. पुढे टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन जीवाणू मारला की बेजोडपणाही नाहीसा होतो, हे दिसून आले.

ओक्पोच्या यशानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे केंद्र उभारले. करार १९६९ चा. पैसा अमेरिकेचा होता: गहू विकून भारतात साठलेले पी. एल. ४८० चे रुपये. क्यूलेक्स, मलेरियाचा ॲनॉफिलीस आणि एडिस इजिप्ती या तिघांवर तिथे काम चालले. बेजोड नर हा एक मार्ग होता, गुणसूत्रांची फेररचना हा दुसरा, आणि रसायनाने नपुंसक केलेले नर हा तिसरा. या तिसऱ्या मार्गाने घोटाळा केला. नर कोशांना थायोटेपा नावाच्या द्रव्याच्या पाण्यात बुडवून वांझ करीत आणि दिल्लीभोवतीच्या खेड्यांत सोडीत. थायोटेपा हे कर्करोगावरचे औषध आहे. ते डीएनएला चिकटून पेशींची वाढ रोखते आणि म्हणूनच ते स्वतःही कर्करोगकारक ठरू शकते. गावांतल्या विहिरींत हे द्रव्य जाते काय, असा प्रश्न १९७४ मध्ये वृत्तपत्रांनी विचारला. डासाच्या अंगावर उरणारे प्रमाण अत्यल्प असते, असे शास्त्रज्ञांचे उत्तर होते. आमच्या व्यवसायात आम्हीही प्रथम प्रमाणच विचारले असते. पण खेड्यातल्या माणसाने प्रमाण विचारले नव्हते. आम्हाला कोणी विचारले का, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याला सरळ उत्तर देणारा कोणी दिसत नव्हता.

त्यातच दुसरा संशय उभा राहिला. एडिस इजिप्ती हा पीतज्वराचाही वाहक. पीतज्वर भारतात नाही. मग अमेरिकेच्या पैशाने या डासाचा इतका बारकाईने अभ्यास कशासाठी? जैविक युद्धासाठी तर नव्हे? संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी मदतीवर चालणाऱ्या संशोधनाची चौकशी केली. तिच्या अहवालात दिल्लीच्या डासांबरोबरच आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षीस्थलांतराच्या प्रकल्पाचीही झाडाझडती झाली, कारण त्यालाही एकेकाळी अमेरिकी लष्कराकडून पैसा मिळाला होता. त्या प्रकल्पामागे एक खरा वैद्यकीय प्रश्न होता. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने क्यासनूर ज्वराचा नवा विषाणू शोधला होता आणि तो सायबेरियातल्या विषाणूचा भाऊबंद निघाला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तो आला काय, हे पाहायचे होते. पण त्या वातावरणात असे खुलासे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

दिल्लीजवळ सोनीपत शहरात एडिस नर सोडण्याची तयारी पूर्ण झाली होती. १९७५ च्या सुरुवातीला ऐन तोंडावर सरकारने ती थांबविली आणि वर्ष अर्धे सरायच्या सुमारास केंद्रच गुंडाळले गेले.

या संशयाला आज वेडगळ म्हणून हसणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. अमेरिकी लष्कराने १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यात, आपल्याच देशात, रोगमुक्त एडिस डास सोडून ते शस्त्र म्हणून कितपत चालतील याची चाचणी घेतली होती, हे पुढे उघड झाले. म्हणजे भीती निराधार नव्हती. तिने बोट मात्र चुकीच्या प्रयोगशाळेकडे दाखविले. आणि हा डास भारताच्या कामाचा नाही, हे म्हणणे तर साफ चूक होते. सोनीपतचा वाद पेटण्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती आणि पुण्याच्या केंद्राने तिचा अभ्यास केला होता. तो आजार पसरविणारा डास हाच. त्यानंतर चिकुनगुन्या जवळजवळ तीस वर्षे दडून बसला आणि २००५-०६ मध्ये परतून महाराष्ट्राच्या गावागावांत माणसांना वाकवून गेला. २००८ च्या जानेवारीत सिंगापूरमध्ये त्याची पहिली स्थानिक साथ आली ती आपल्या लिटल इंडियात. दिल्लीत १९९६ मध्ये डेंग्यूचे दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेंवर मृत्यू झाले. सोनीपतचा प्रयोग झाला असता तर हे टळले असते, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. एका शहरातला एक प्रयोग तो. पण वीस वर्षांचा अभ्यास हाताशी असता, एवढे नक्की.

दारावर थाप मारणाऱ्या सरकारी माणसाविषयी मराठी मनात एक जुनी आठवण आहे, तीही इथे सांगितली पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा आला, प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून रँड आले आणि गोरे सोजीर घराघरांत, देवघरांत, माजघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. सामान बाहेर फेकले गेले, बायकांची तपासणी झाली. पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो: २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडला गाठले. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या, आणि त्याच जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. रोग्यांना शोधून वेगळे ठेवणे, हे रँडचे काम शास्त्र म्हणून सगळेच चूक नव्हते. पण हाफकिनची लस घ्यायला लोक आले आणि रँडच्या शिपायांपासून लोकांनी आपले रुग्ण लपविले.

आता टॅम्पिनीस. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अल्जुनीड भागात झिका सापडला आणि शहर हादरले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने ब्रॅडेल हाइट्स, नी सून ईस्ट आणि टॅम्पिनीस वेस्ट या तीन ठिकाणी वोल्बाकियाचे नर एडिस सोडायला सुरुवात केली. एडिस इजिप्तीत वोल्बाकिया निसर्गतः नसतो. आशियाई वाघडास म्हणजे एडिस अल्बोपिक्टस याच्यातून काढून तो इजिप्तीत टिकविण्याचे काम अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत २००५ पर्यंत जमले होते. नर चावत नाहीत, फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतात, तेव्हा सोडलेल्या डासांमुळे खाज वाढण्याचे कारण नाही. अडचण एकच: नर निवडताना चुकून काही माद्या सुटल्या आणि रुजल्या, तर पुढच्या पिढ्यांत सगळेच वोल्बाकियाचे होतील आणि बेजोडपणा संपेल. कोश असतानाच नर आकाराने लहान असतो, त्यावरून निवड करतात; आणि टॅम्पिनीसमध्ये त्यावर आणखी एक कुलूप लावले गेले. सोडण्याआधी डासांना क्ष-किरणांची सौम्य मात्रा दिली जाते, म्हणजे चुकून सुटलेली मादी असलीच तर ती वांझ राहावी. थायोटेपाची जागा क्ष-किरणांनी घेतली, आणि विहिरीचा प्रश्नच उरला नाही.

उंच इमारतींनी नवे प्रश्न विचारले. तळमजल्यावर सोडलेला डास दहाव्या मजल्यावरच्या मादीपर्यंत कितपत जातो? म्हणून पुढच्या टप्प्यात वरच्या मजल्यांवरही डास सोडले गेले. व्हरांड्यात टांगलेली ती काळी नळकांडी, ज्यांत गवत भिजविलेले पाणी आणि आत चिकट अस्तर असते, ती अंडी घालायला आलेल्या माद्या मोजण्यासाठी आहेत. मुलांनी त्यांना हात लावू नये हे आपण त्यांना सांगतोच. ते कशासाठी आहे हेही सांगावे. २०१९ च्या अखेरीस आँग मो क्यो इथे मोठी पैदास-शाळा सुरू झाली आणि टॅम्पिनीस व यिशूनमध्ये हा प्रयोग कितीतरी अधिक ब्लॉकपर्यंत पसरला. नव्वद टक्क्यांच्या आसपास डास घटले, आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणांत, अशाच पण डास न सोडलेल्या भागांच्या तुलनेत, डेंग्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आलेले दिसले. योग्याकार्ता शहरात वेगळ्या पद्धतीने, माद्याही सोडून आणि डासांची जातच बदलून, ७७ टक्के घट २०२१ मध्ये नोंदली गेली. दोन्ही मार्गांचे गुणदोष आहेत. सिंगापूरचा मार्ग खर्चिक आहे, कारण सोडणे थांबविले की बाहेरून डास परत येतात. ताटल्या घासण्यातून सुटका त्यानेही होत नाही.

पण सोनीपतहून टॅम्पिनीस वेगळे झाले ते प्रयोगाआधीच्या कामामुळे. लोकांच्या भेटी, शाळांत आणि ब्लॉकखाली प्रदर्शने, चार भाषांतली पत्रके, नर डासांच्या पिंजऱ्यात हात घालून पाहण्याची सोय, आणि तक्रारींना उत्तरे. डास वाढलेले दिसतात अशा तक्रारी सुरुवातीला आल्याच, आणि ते साहजिकच होते, कारण डास खरोखरच सोडले जात होते. पैसा कुणाचा, डास कुठले, जीवाणू कुठला, हे सगळे सांगितले गेले. एक लहान, श्रीमंत, शिस्तीचा देश होता म्हणून हे जमले असेही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. इथला निरीक्षकही १९६८ पासून दंडाचे पुस्तक खिशात घेऊनच येतो. तरी त्या अधिकाऱ्याला तुळशीची ताटली दाखविताना आपल्याला रँड आठवत नाही, हेही तितकेच खरे.

दिल्लीचे केंद्र बंद पडले त्याच १९७५ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुदुच्चेरीला रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणाचे नवे केंद्र सुरू केले. २०२२ मध्ये त्याच केंद्राने जाहीर केले की, ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या साहाय्याने, पुदुच्चेरीच्या स्थानिक एडिस इजिप्तीत वोल्बाकिया रुजविलेले डास त्यांनी तयार केले आहेत.